लाल ठिपका

३ जून

ढापण्या,

या नावाने सुरुवात केली म्हणून तोंड वाकडं करू नकोस. पाकिटावर व्यवस्थित 'माननीय कुलगुरू' असं लिहिलंय, नाहीतर ते तुझ्या टेबलापर्यंत पोचलंच नसतं. पण आत तू ढापण्याच. शाळेत असताना काचेच्या बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा लावून धडपडत चालायचास, तेव्हा हे नाव मीच ठेवलं होतं. थोरल्या बहिणीने ठेवलेलं नाव हुद्द्याबरोबर बदलत नाही.

तुझ्या बंगल्याच्या गच्चीवरून माझ्या ग्रंथालयाचं छप्पर दिसतं. तरी मला पत्र लिहावं लागतंय, कारण फोन तू उचलत नाहीस आणि भेटायचं म्हटलं तर तुझी सचिव पुढच्या महिन्यातली वेळ देते. आई रोज विचारते, "येणारे का गं तो?" मी सांगते, कामात आहे. आता खोटं बोलायचाही वीट आलाय.

आज सकाळी पहिला ट्रक आला. तळघरातली वर्तमानपत्रांची बांधीव वर्षं गेली, त्यांच्यामागून जुने गॅझेटियर गेले. कागदाच्या लगद्याच्या कारखान्याला पुठ्ठा आणि कापड चालत नाही म्हणे. म्हणून दोन माणसं मागच्या ओट्यावर बसून पुस्तकांची कव्हरं सोलत होती. गुडघ्यात पुस्तक धरायचं, पाठीला हिसका द्यायचा, कव्हर एका बाजूला, पानं दुसऱ्या बाजूला. जुन्या सरसाचा वास सगळ्या आवारात सुटला होता. त्या माणसांचा दोष नाही, त्यांना जे सांगितलं ते ती करत होती. एकजण मला म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, धूळ उडतेय." मी बाजूला झाले आणि बेसिनशी जाऊन ओकले. अलंकारिक नाही हं. खरोखरच ओकले.

आणि त्या पानापानावर 'रद्द' असा जांभळा शिक्का आहे. त्या आदेशाखाली सही तुझी आहे.

ग्रंथालयाऐवजी नवं 'केंद्र' उभारायला तू आणलेल्या त्या सल्लागाराचा नियम असा, की दहा वर्षांत एकदाही घरी नेलं गेलं नाही ते पुस्तक मृत. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची पट्टी बघायची. पट्टी कोरी, तर पुस्तक ट्रकमध्ये. ऐकायला किती स्वच्छ! पण लाल ठिपक्याची पुस्तकं घरी नेताच येत नाहीत, ढापण्या. ती तिथेच बसून वाचायची, हा नियम ग्रंथालय सुरू झालं तेव्हापासूनचा आहे. मग त्यांच्या पट्टीवर शिक्का पडणार कसा? ज्यांना आम्ही कधी दाराबाहेर जाऊ दिलं नाही, त्यांना तुम्ही दाराबाहेर गेली नाहीत म्हणून फासावर देताय.

हे मी तुला समजावून सांगतेय याचीच मला जास्त किळस येते. कारण हे जर जगात कुणाला ठाऊक असेल, तर ते तुला. बाबांची कायम रात्रपाळी. ते दिवसा झोपायचे, खोली एकच, आणि तू पान उलटलंस तरी आई डोळे वटारायची. "जा बाबा तुझ्या ताईच्या लायब्ररीत, इथे खुडबुड नको." मी तेव्हा नुकतीच चिकटले होते तिथे, पुस्तकं लावायच्या कामाला. कॉलेजची सगळी वर्षं तू वाचनकक्षात खिडकीखालच्या टेबलाशी काढलीस. एकही पुस्तक घरी नेलं नाहीस. घरी ठेवायला जागा कुठे होती?

तळघर गेलं. आता वाचनकक्षाची पाळी आहे. तिथली जवळजवळ सगळी पुस्तकं लाल ठिपक्याची आहेत. माझं मागणं एवढंच, की पुस्तकं रद्द करणाऱ्या त्या समितीत एक वाक्य बोल. 'ही पुस्तकं मी तिथे बसून वाचली.' बाकी काही नको.

ताई


११ जून

ढापण्या,

तुझ्या कार्यालयाचं उत्तर मिळालं. छापील. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' खाली कुणा सहायकाची सही. सख्ख्या बहिणीला! आईने विचारलं काय लिहिलंय त्याने, तर मी म्हटलं, तब्येतीची काळजी घ्या असं लिहिलंय. तिने तो कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, आणि म्हणाली, "अक्षर सुधारलं हो त्याचं." तुझ्या जागी मी असते तर हे वाचून जेवण गेलं नसतं.

काल सल्लागार आला होता. चांगल्या कपड्यातला, गोड बोलणारा, उंटावरचा शहाणा. त्याला मी लाल ठिपक्याचं सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, "ताई, भावना समजतात. पण आकडे बोलतात."

"मग त्यांना जरा घसा साफ करून बोलायला सांगा," मी म्हटलं. "कारण खोटं बोलताहेत."

"आमच्या तक्त्यात दोनच रकाने आहेत. घरी नेलं, घरी नेलं नाही."

"आणि तिथेच बसून वाचलं, त्याचा?"

"ते मोजता येत नाही ना ताई."

जे मोजता येत नाही ते नाहीच! पालथ्या घड्यावर पाणी. मी त्याला हाताला धरून वाचनकक्षात नेलं. म्हटलं, बघा तरी. दुपारची वेळ होती, खुर्च्या भरलेल्या. खिडकीखाली, तुझ्याच जागी, आता एक नर्स बसते. ड्यूटी संपली की गणवेशावरच येते, चप्पल काढून पाय आडव्या दांडीवर ठेवते आणि शरीररचनेचा तो अवजड चित्रग्रंथ पुढे ओढते. पुढच्या परीक्षेला बसणार आहे. एका खोलीत तिघीजणी राहतात, तिथे अभ्यास होत नाही म्हणाली. ओळखीचं वाटतं का काही? तिच्या त्या ग्रंथाची पट्टी कोरी आहे. पानांचे कोपरे मात्र तेलकट होऊन मऊ पडलेत.

सल्लागाराने नाकाला रुमाल लावला. "इथे हवा खेळती नाही," म्हणाला. "नव्या केंद्रात मऊ बैठका असतील, कॉफीची सोय असेल. विद्यार्थी आपोआप येतील."

येतील की. कॉफी प्यायला.

लाल ठिपका कसा आला ते तुला मास्तरांनीच सांगितलं होतं. आपले पहिले ग्रंथपाल, सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पण तू हल्ली बरंच विसरतोस, म्हणून पुन्हा सांगते. विद्यापीठ दोन खोल्यांत होतं आणि सगळ्यांत मिळून एक मोठा शब्दकोश होता. एका बड्या प्राध्यापकांनी तो घरी नेला आणि ठेवूनच घेतला. विद्यार्थी आपले ताटकळत. शेवटी मास्तर स्वतः त्यांच्या घरी गेले, तर शब्दकोश जेवणाच्या खुर्चीवर, आणि त्यावर त्यांचं धाकटं पोर बसलेलं. पोराला टेबल उंच पडायचं ना! मास्तरांनी पोराला उचलून खाली ठेवलं, कोश काखेत मारला आणि चालत परत आले. त्याच दिवशी ब्रश घेऊन त्यांनी पुस्तकांच्या पाठीवर लाल ठिपके दिले. दारावरचा तो बोर्डही तेव्हाचाच. 'लाल ठिपक्याचे पुस्तक येथेच वाचावे. नियम सर्वांस सारखे.' जे सगळ्यांचं आहे ते कुणा एकाच्या पोराच्या बुडाखाली जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. मी नोकरीभर तो ठिपका डोळ्यांत तेल घालून सांभाळला. मंत्र्यांच्या पुतण्यालाही पुस्तक दिलं नाही.

तुला राग आहे तो वर्तमानपत्रातल्या तुझ्या मुलाखतीवरून मी बोलले त्याचा. हो, बोलले. आणि पुन्हा बोलेन. 'स्वयंपाकघरातल्या मिणमिणत्या दिव्याखाली शिकलो'! लाज नाही वाटली? वाचायला छान वाटतं म्हणून? दिवा, धूर, गरिबी, सगळं कसं चित्रासारखं. 'विद्यापीठाच्या ग्रंथालयात फुकट बसून शिकलो' यात तसं काही गोड नाही. मी आईला ती मुलाखत वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "मिणमिणता? अरे, तो मी मालवायचे. खोली अंधारी केल्याशिवाय यांचा दिवसा डोळा लागायचा नाही ना."

त्या एका खोट्यामुळे ग्रंथालयाचा सगळ्यांत मोठा साक्षीदार पळाला. म्हणून सांगते, अजून वेळ गेलेली नाही. एक वाक्य.

ताई
(कार्यालयासाठी: उपग्रंथपाल. नोंद घ्यावी.)


२० जून

ढापण्या,

आता जे लिहितेय ते तुला ठाऊक आहे की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक नसेल तर बरं, आणि असेल तर तू माझा भाऊ नव्हेस.

तुझी प्रसिद्धी अधिकारी आली होती. तरुण मुलगी, चुणचुणीत. नव्या केंद्राच्या दारात काचेची पेटी ठेवणार आहेत, आणि त्यात 'आमच्या कुलगुरूंनी विद्यार्थिदशेत वाचलेली पुस्तकं'. मला म्हणाली, "मॅडम, सरांच्या कार्डावरची नोंद काढून द्या ना."

मी काढली. तुझ्या कार्डावर काही नाही. कोरं. तुझ्याच नियमाने बघितलं, तर ढापण्या, तू आयुष्यात एकही पुस्तक वाचलेलं नाहीस.

मी हसले. ती नाही हसली. थोडा विचार करून म्हणाली, "मग आपण दहाबारा चांगली पुस्तकं निवडू. जाडी, जुनी दिसणारी. आणि पट्टीवर जुन्या तारखांचे शिक्के मारू. त्या शिक्क्याचं चाक फिरवलं की वर्ष बदलतं ना?"

मी सांगितलं, रबराच्या पट्टीवर थोडीच वर्षं असतात. तुमच्या साहेबांच्या कॉलेजची वर्षं कधीच झिजून गेली.

"काही हरकत नाही, नवीन करून घेऊ."

आणि करून घेतला! जुन्या तारखांचा नवा कोरा शिक्का, दोन दिवसांत. ज्या विद्यापीठात फाटलेली पानं चिकटवायला टिश्यू मागितला तर वर्ष जातं, तिथे खोटेपणाला दोन दिवस लागले. ती माझ्या टेबलाशी बसून ठकाठक शिक्के मारत होती. मध्येच म्हणाली, "मॅडम, तुमचं शाईचं पॅड द्या ना, माझं फार ताजं उमटतंय." माझं पॅड जुनं, सुकत आलेलं. त्याने शिक्का पुसट येतो, खरा वाटतो.

मी दिलं. का दिलं कोण जाणे. हात पुढे आला, मी पॅड ठेवलं. मग दोनदा साबण लावून हात धुतले. शिसारी आली, तिची नाही, माझी.

वाचनकक्ष रिकामा करायचा आदेश आला. उद्घाटन झालं की पुढच्या आठवड्यात ट्रक. तुझं धातुशास्त्राचं पुस्तक अजून जागेवर आहे. ते आठवतं का? तुझ्या चष्म्याची काडी मोडली होती, ती तू बांधणीच्या खोलीतल्या सरसाने चिकटवलीस, आणि सरस सांडला थेट पुस्तकातल्या आकड्यांच्या तक्त्यावर. दोन पानं चिकटली. माझ्या केसातली पिन घेऊन ती सोडवायला गेलास आणि तक्त्याचा कोपरा फाडलास. रडकुंडीला आला होतास. मग मास्तरांनी दिलेल्या कागदाचं ठिगळ लावून त्यावर तुझ्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात आकडे लिहिलेस. ते ठिगळ अजून आहे. मुलं त्यावरूनच आकडे उतरवून घेतात.

ताई


२८ जून

ढापण्या,

तर काल तुझं उद्घाटन झालं.

आधी माझं काय ते सांगून टाकते. सकाळी पाहुणे यायच्या आधी मी त्या पेटीतलं एक खोटं पुस्तक काढलं आणि त्या जागी तुझं धातुशास्त्र ठेवलं. तक्त्याचं पान उघडून, ठिगळ वर येईल असं. तक्ता अगदी शेवटी आहे, म्हणून शेजारी कोरी पट्टीही दिसत होती. म्हटलं, तोंडाने बोलत नाहीस तर डोळ्यांनी तरी बघ.

आईला तुम्ही गाडी पाठवून आणलंत. मला वाटलं, मुलाला आठवण आली. दुसऱ्या रांगेत बसवलं, फोटो काढला, आणि तू तिच्या पाया पडलास तेही फोटोवाला 'सर, पुन्हा एकदा' म्हणाला म्हणून दोनदा. दोन्ही वेळा तिने मनापासून आशीर्वाद दिला. ती तशीच आहे.

मग तू भाषण केलंस. पुन्हा दिवा. या वेळी त्यात भर होती, आई शेजारी बसून वारा घालायची म्हणे. मी आईकडे बघितलं. ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तुझ्यासाठी तिने बरंच केलंय, पण वारा कधी घातलेला नाही. चारचौघांत तुझं खोटं तिला अंगावर घ्यावं लागलं.

मग फीत, मग पेटी. तू थांबलास. मी खांबाशी उभी होते, मला सगळं दिसत होतं. तू चष्मा काढलास, पुसला, पुन्हा लावलास. वाकलास. तुझं बोट काचेवर बरोब्बर त्या ठिगळावर आलं. ती प्रसिद्धीची मुलगी म्हणाली, "सर, ही आपण वाचलेली पुस्तकं." आता बोलेल, मला वाटलं.

तू म्हणालास, "छान. मांडणी छान आहे."

आणि कॉफीच्या काउंटरकडे गेलास.

मला आधी राग यायचा तुझा. राग बरा असतो रे, त्यात माणूस आपलं वाटतं. काल राग नव्हता. ताटात झुरळ दिसल्यावर होतं तसं काहीतरी झालं, आणि ते आपल्या भावाविषयी व्हावं याचं वाईटही वाटेना.

परतताना गाडीत आई एवढंच म्हणाली, "त्याला वाटत असेल का गं, की ते खरंच तसं झालं?"

हे शेवटचं पत्र समज.

ताई


२ जुलै

ढापण्या,

शेवटचं म्हणाले होते, पण शब्द फिरवायची घराण्याला सवय लागली आहे.

आज सकाळी दार उघडायला आले तर तुझा शिपाई पायरीवर उभा. हातात तुझं वाचकाचं कार्ड आणि चिठ्ठी. तुझं अक्षर, तुझी सही. 'पेटीतले धातुशास्त्राचे पुस्तक माझ्या नावावर घरी पाठवावे. लाल ठिपका असला तरी द्यावे.'

मी ती चिठ्ठी वाचली आणि तिथेच पायरीवर बसले. म्हणजे तुला सगळं ठाऊक आहे! पुस्तक ओळखलंस. एक शिक्का पडला की पुस्तक ट्रकमधून वाचतं, हेही तुला पक्कं ठाऊक. आणि एवढं ठाऊक असून वाचवलंस काय, तर आपलं एक. घर पेटलेलं असताना स्वतःची उशी तेवढी काखेत मारून बाहेर येणारा माणूस बघितला आज. इतकी किळस मला त्या सोललेल्या कव्हरांचीही आली नव्हती.

शिपायाला हाकलणारच होते. तोंडातून निघालंही, "साहेबांना सांग, लाल ठिपक्याचं पुस्तक घरी मिळत नाही, दारावर—" आणि बोट दाखवायला वर बघितलं, तर बोर्ड. 'नियम सर्वांस सारखे.'

मी उठले. आत गेले. पेटीतून तुझं धातुशास्त्र काढून आणलं आणि त्याच्या कोऱ्या पट्टीवर आजच्या तारखेचा शिक्का मारला, खऱ्या शिक्क्याने, भरपूर शाई घेऊन. शिपायाच्या हातात पुस्तक दिलं. आणि तुझी चिठ्ठी बोर्डाच्या बरोब्बर खाली ठोकली.

पहिली आली ती नर्स. रात्रीची ड्यूटी करून, डोळे लाल. चिठ्ठी वाचून म्हणाली, "ताई, म्हणजे हे आता घरी मिळतं?"

"कुलगुरूंना मिळालं," मी म्हटलं. "वरचं वाच."

तिने वरचं वाचलं. मग शरीररचनेचा तो ग्रंथ दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्या टेबलावर आणून आदळला. तिच्यामागे कायद्याचा एक मुलगा, त्याच्यामागे आणखी कुणी. दुपारपर्यंत रांग जिन्यावर गेली होती. कुणीतरी वसतिगृहात सांगितलं, कुणीतरी प्रयोगशाळेत. ज्यांना त्या पुस्तकांचं काही कळत नाही असेही आले. एकाने निवडताना विचारलं, "ताई, कुठलं नेऊ?" मी म्हटलं, जे उचलवेल ते. माझा अंगठा सुजलाय शिक्के मारून.

सल्लागार धापा टाकत आला. "ताई, हे चालणार नाही. ती परवानगी फक्त साहेबांपुरती आहे."

"तसं त्यांनी लिहून द्यावं. खाली तीही ठोकते."

तो बाहेर जाऊन तुला फोन लावत राहिला. खिडकीतून दिसत होता, इकडून तिकडे येरझारा. बऱ्याच वेळाने परत आला आणि पडेल आवाजात म्हणाला, "साहेब फोन उचलत नाहीत."

"माझाही नाही उचलत," मी म्हटलं.

दिवसभर नाही उचललास म्हणे. का नाही उचललास, ते मी विचारणार नाही. तुला विचारलं तर तू काहीतरी छान सांगशील, आणि मग न उचललेल्या फोनवरचाही माझा विश्वास उडेल.

फुशारकी नाही मारत, ढापण्या. आज मी मास्तरांचा नियम माझ्या हाताने मोडला. ठिपका सांभाळण्यात हयात घालवली आणि तीच पुस्तकं आज पिशव्यांतून, पाठीवरून, एक तर सायकलच्या दांडीवरून घालवली. त्यातली कितीतरी परत यायची नाहीत, कुणाकुणाची पोरं त्यांच्यावर बसतील. मला ठाऊक आहे. पण लगद्याच्या भट्टीतून एकही परत येत नाही. उद्या ट्रक येईल. वाचनकक्षातली बहुतेक कपाटं रिकामी आहेत. रिकामं कपाट बघून बरं वाटावं, अशी वेळ आणलीस तू माझ्यावर.

पुस्तक परत करायची मुदत पट्टीवरच्या तारखेपासून धर. शिपायाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये, आणि येताना घरावरून ये. आई विचारत होती.

आणि तोवर ते वाचणार असशील तर दिवा चांगला लाव. तुमच्या स्वयंपाकघरात उजेड कमी असतो, असं ऐकते.

ताई